डबी बेसिनवरच राहिली

चि. चिऊ हिला,

अनेक आशीर्वाद.

मंगळवारी पहाटे तुझी गाडी निघाली तेव्हा मी जागा होतो, पण उठून बाहेर आलो नाही. सात वाजता दाढी करायला गेलो तर बेसिनवरच्या फळीवर तुझी निळी डबी. उघडून पाहिली. आवाज अडवणारे कानातले बोळे दोन्ही आत होते, उजवा लाल, डावा निळा, तुझ्याच कानांचा ठसा घेऊन बनवलेले. फोन लावला तर आवाज तुटत होता आणि मी काही बोलायच्या आत तू "बाबा, आत्ता नको" म्हणालीस. सोमवारी रात्री मी जे बोललो त्यानंतर माझा फोन कशासाठी आला असेल असं तुला वाटलं, ते मला समजतं.

आई म्हणाली, फोनवर तुमचं दोघांचं धड होत नाही, लिहा. म्हणून लिहितोय. डबी या पार्सलात सगळ्यात वर ठेवली आहे. कानांबद्दल एवढंच. या पत्रात पुन्हा तो विषय काढणार नाही.

आधी सोमवारचं बोलतो. बँड संपल्याचं तू आम्हाला चार महिने सांगितलं नाहीस, आणि सांगितलंस ते बॅग भरता भरता, की उद्यापासून सात महिने दुसऱ्या एका ड्रमरची टेक्निशियन म्हणून जातेय. मी म्हणालो, "अकरा वर्षं हात झिजवलेस ते दुसऱ्याचे ड्रम पुसायला?" तू लगेच बोलली नाहीस. बॅगेची चेन लावलीस आणि मग म्हणालीस, "बाबा, तुम्ही तरी एकतीस वर्षं काय केलंत? दुसऱ्यांची मशिनंच आवळलीत ना?" आई आतून दारापर्यंत आली आणि परत गेली. मी दिवा मालवला.

तुझं बोलणं मला लागलं हे खरं आहे. गेले तीन दिवस मी तेच घोळवतोय. तू मला खाली दाखवायला बोलली नव्हतीस. तू विचारलंस, आणि मला उत्तर देता आलं नाही. कारखान्यात आमच्या प्रेसवर महिन्याचं उत्पादन झालं की फळ्यावर ऑपरेटरचं नाव लागायचं. फिटरचं नाव लागायचं ते मशीन बंद पडलं तर. मी कधी बोलून दाखवलं नाही, पण दादाच्या शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी नुसतं "नोकरी" लिहायचो. ती जुनी लाज सोमवारी मी तुझ्या अंगावर टाकली. तुझ्या कामात लाज वाटण्यासारखं काही नाही. मी चुकलो.

तुला आपला पंप आठवतो का? तू नऊ-दहा वर्षांची असशील. फ्लँज गळत होता आणि तू बॅटरी धरून माझ्याशेजारी उकिडवी बसली होतीस. मी तुला दाखवलं होतं की एक बोल्ट एकदम पुरता आवळायचा नाही. आधी सगळे हातानं टेकवायचे, मग पाना लावून समोरासमोरचे, थोडे थोडे, नाहीतर गॅस्केट एका अंगाला चेपतं आणि दुसरीकडून गळायला लागतं. तू विचारलंस, शेजारशेजारचे का नाही? मी म्हणालो, शेजारचा आवळला की समोरचा रुसतो. नंतर कितीतरी दिवस तू घरातल्या वस्तू कोणती कोणावर रुसली आहे ते सांगत फिरायचीस.

आणि मग तीन वर्षांपूर्वी तुमच्या तालमीच्या खोलीत मी आलो होतो. तू स्नेअर ड्रमला नवं हेड, म्हणजे वरचा पडदा, चढवत होतीस. दहाही रॉड आधी बोटांनी टेकवलेस, मग चावी लावून अर्धा अर्धा फेरा, एक इकडचा, एक बरोबर समोरचा. सगळे झाल्यावर प्रत्येक रॉडपासून इंचभर आत काडीच्या टोकानं टिचकी, कान खाली नेऊन. एक रॉड उतरलेला निघाला तो पाव फेरा वर घेतलास. मी दारातच उभा राहिलो. तुझ्या गायकानं खुर्ची दिली तरी बसलो नाही. माझ्या हातातलं काही तुझ्या हातात गेलं आहे हे मला त्या दिवशी दिसलं होतं, आणि तरी सोमवारी मी "पुसायला" हा शब्द वापरला.

तुझा पहिला सेट आला तोही दिवस मला काल दिवसभर आठवत होता. वरच्या खोलीत ठेवला आणि तू किक मारायला लागलीस तसा बेस ड्रम इंचाइंचानं पुढे सरकायला लागला. गाणं संपेपर्यंत तू स्टूल ओढत भिंतीपाशी पोचायचीस. पुढचे दोन्ही पाय झिजले होते, रबर गेलेलं. मी सतरंजीखाली लाकडी पट्टी ठोकली, पायांना नवी टोकं करून दिली. मग हाय-हॅटचा क्लच, वरची झांज दांड्याला धरणारा. त्याचे आटे गेले होते आणि वरची झांज गाण्याच्या मधेच खाली पडायची. मी रात्रपाळीत, काम नसताना, लेथवर त्याला नवा बुश काढला. सुपरवायझरनं पाहिलं तेव्हा खोटं सांगितलं की पंपाचा आहे. आयुष्यात कारखान्यात मी एवढंच एक खोटं बोललोय.

झांजांचं तर मला तुझ्यामुळेच वेड लागलं. तू तेरा वर्षांची असताना सांगत आली होतीस की झिल्डजन १६२३ पासून झांजा करतात, तेव्हाच्या कॉन्स्टँटिनोपलमध्ये एका धातुकारागिरानं सुरुवात केली. मी म्हणालो, धातू कोणता? तुला माहीत नव्हतं. दोघांनी मिळून शोधलं. ऐंशी टक्के तांबं, वीस टक्के कथील. मी तर चाटच पडलो. इतकं कथील घातलं की कासं ठिसूळ होतं, घण मारला तर फुटेल. आणि त्याच धातूला तापवून, लाटून, हातोड्यानं ठोकून हे लोक इतका पातळ पत्रा करतात की काडी लागली की पाण्यासारखा लवतो. तुझ्या क्रॅश झांजेला पहिली चीर गेली तेव्हा तू रडलीस आणि मी ड्रिल घेऊन बसलो. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडलं की ताण एका बिंदूवर साठत नाही आणि चीर पुढे धावत नाही. आम्ही मशिनच्या बॉडीला हेच करायचो. ती झांज पुढे पाच वर्षं टिकली. मग मी बाकीच्या पाहिल्या तर मधली भोकं लंबगोल झालेली. स्टँडच्या दांड्यावर प्लॅस्टिकची नळी नव्हती, धातूवर धातू घासत होता. तेव्हा तुला मी फार बोललो, अर्धा तास तरी. दुसऱ्या दिवशी तू सगळ्या स्टँडांना नळ्या लावल्यास, वर-खाली नमद्याच्या चकत्या घातल्यास, आणि वहीत एक पान आखलंस, काय कधी बदललं त्याचं. ते पान म्हणजे देखभालीचं रजिस्टरच होतं. मी ते पाहिलं होतं, तुला कधी सांगितलं नाही.

त्याच खोलीत, गाद्या भिंतीला लावल्या तेव्हा, मी कारखान्यातून आवाज मोजायचा मीटर आणला होता. तुझ्या डोक्याशी धरला तर १०५. किती आवाजात कान किती वेळ सुरक्षित ते दाराच्या आतल्या बाजूला मी खडूनं लिहिलं होतं, अजून पुसट दिसतं: ८५ डेसिबल, आठ तास. ८८, चार तास. ९१, दोन. असं दर तीनला वेळ निम्मी. ९४ ला तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं. आणि तू आता ड्रमरच्या पाठीशी हाताच्या अंतरावर बसणार आहेस, रोज रात्री दीड-दोन तास, वर दुपारी साउंडचेक, वर शेजारी ड्रमचा मॉनिटर स्पीकर. ड्रमरच्या कानात निदान इन-इअर, कान बंद करणारे हेडफोन, असतात. तुझ्या कानात काय असणार आहे? डबी तर बेसिनवर राहिली होती.

विषय काढणार नाही म्हणालो होतो. राहू दे.

तुला वाटत असेल बाबांना या कामातलं काही कळत नाही. मी तीन दिवस वाचतोय, मुलाखती पाहतोय. २००४ साली इंग्लंडात डॉनिंग्टनला डाउनलोड महोत्सवात मेटॅलिका वाजवणार होती आणि त्यांचा ड्रमर लार्स उलरिक ऐनवेळी रुग्णालयात. स्लेयरचा डेव्ह लोंबार्डो आणि स्लिपनॉटचा जोई जॉर्डिसन मदतीला आले. पण एका गाण्याला ड्रमवर बसला तो लार्सचाच टेक्निशियन, फ्लेमिंग लार्सन. हे तू मला सोळाव्या वर्षी सांगितलं होतंस, मला आता नीट समजलं. रोज सगळे ड्रम लावून, वाजवून, लार्सच्या हाताला बसतील असे करून देणारा माणूस तो. ती गाणी त्याच्या अंगात असणारच. तू म्हणाली होतीस ना, साउंडचेकला आधी मीच वाजवणार, किक, स्नेअर, टॉम, एकेक, साउंडवाल्याचं समाधान होईपर्यंत. रिकाम्या सभागृहात तू एकटी वाजवतेयस हे चित्र काल रात्री माझ्या डोळ्यांसमोर आलं. मला तिथे मागच्या खुर्चीवर बसायला आवडलं असतं.

आणि तो मुलगा, १९७३ साली सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या काउ पॅलेसमध्ये द हू हा बँड वाजवत असताना त्यांचा ड्रमर कीथ मून ड्रमवर कोसळला, गिटारवाल्या टाउनशेंडनं प्रेक्षकांना विचारलं, कोणी ड्रम वाजवतं का, आणि स्कॉट हॅल्पिन नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा वर चढला. तीन गाणी वाजवली. ही गोष्ट तू इतक्यांदा सांगितलीस की आजीलाही पाठ होती. मला मात्र ती ऐकताना नेहमी मूनचंच वाटायचं. पाच वर्षांनी, १९७८ च्या सप्टेंबरात तो गेला. बत्तीस वर्षांचा. दारू सोडायला दिलेल्या गोळ्याच जास्त झाल्या. दोन वर्षांनी, पुन्हा सप्टेंबरातच, लेड झेपेलिनचा ड्रमर जॉन बोनम. तोही बत्तीसच. दिवसभर दारू पीत होता, झोपेतून उठला नाही. तू सत्तावीसची आहेस. मी आणखी काही म्हणत नाही. तू तशी नाहीस हे मला माहीत आहे. पण मामाही तसा नव्हता.

त्या मूनचीच आणखी एक गोष्ट. १९६७ ला टीव्हीवरच्या कार्यक्रमात त्यानं बेस ड्रममध्ये स्फोटक भरलं होतं, गरजेपेक्षा कितीतरी जास्त. धडाका झाला, झांजेचा तुकडा त्याच्याच हातात घुसला, टाउनशेंड पुढेच उभा. लोक अजून ते पाहून हसतात. टाउनशेंडला पुढे ऐकण्याचा त्रास झाला तो काही एका त्या दिवसामुळे नाही. स्टुडिओत वर्षानुवर्षं हेडफोनवर मोठ्यानं ऐकलं त्यानं कान गेले असं तो स्वतः सांगतो. म्हणजे बघ, स्टेज नाही, गर्दी नाही, एकटा बसून. आणि लार्स उलरिकही कानातल्या आवाजाबद्दल जाहीर बोलला आहे, तोही नंतर बोळे वापरायला लागला. एवढे मोठे लोक वापरतात तर तुझा ड्रमर काय म्हणेल याची तुला कसली भीती?

परत तेच झालं. आई शेजारी बसून वाचतेय, ती म्हणते, हा परिच्छेद फाडा. फाडत नाही. पण पुढचं वेगळं.

शरीराबद्दल दोन शब्द, ते तुला ऐकावेच लागतील. ब्लाँडी बँडचा ड्रमर क्लेम बर्क होता ना, त्याच्यावर इंग्लंडातल्या दोन विद्यापीठांतल्या संशोधकांनी अनेक वर्षं चाचण्या केल्या. कार्यक्रमात त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला १९० पर्यंत जायचे. फुटबॉलवाल्यासारखं शरीर लागतं. फरक एवढाच की फुटबॉलवाल्याच्या मागे डॉक्टर असतो, मालिशवाला असतो, आणि तुझ्यामागे रात्री बारा वाजता ट्रकमध्ये चढवायच्या पेट्या असतात. पेटी उचलताना गुडघ्यातून वाक. स्टँडची पेटी एकटीनं उचलायचीच नाही, कोणी हसलं तरी. आमच्या खात्यातले दोघे मणक्यानं घरी बसले, दोघेही ताकदवान गडी होते. "मी करते" हे तुझं लहानपणापासूनचं वाक्य आहे, ते पेट्यांच्या बाबतीत विसर.

आणि जेनेसिस बँडचा ड्रमर-गायक फिल कॉलिन्स. मार्च २०२२ ला लंडनला जेनेसिसचा शेवटचा कार्यक्रम झाला, त्यात तो खुर्चीत बसून गायला. मानेच्या दुखण्यानं हातांतली काडी धरायची ताकद गेली होती, आणि पाठीमागे ड्रमवर त्याचा मुलगा निक. मी तो भाग दोनदा पाहिला. बाप पुढे बसलाय, पाठ मुलाकडे, आणि मुलगा वाजवतोय ते त्याचंच. त्या बापाच्या मनात काय चाललं असेल ते मला पडद्यातून कळत होतं असं वाटलं. आई म्हणाली, झोपा आता.

तुझं वाजवणं सुटेल ही माझी दुसरी भीती. सोमवारी मला खरं तर तेच विचारायचं होतं, आणि तोंडातून भलतंच आलं. दुसऱ्याचं मशीन जपणाऱ्याच्या घरचं मशीन गंजतं हे मी पाहिलंय, आपल्याच पंपाचं पाहिलंय. म्हणून सांगतो, रोज अर्धा तास तरी सरावाच्या पॅडवर हात फिरव. बसच्या मागच्या सीटवर, मांडीवर ठेवून. रश बँडचा ड्रमर नील पिअर्ट यानं चाळिशी उलटल्यावर, जगात नाव झालेलं असताना, गुरू करून पुन्हा काडी धरण्यापासून शिकायला घेतलं होतं. हे तूच मला अभिमानानं सांगितलं होतंस. तू सत्तावीसची. एक बँड मोडला म्हणून काय झालं? रिंगोचे टॉन्सिल १९६४ च्या जूनमध्ये सुजले तेव्हा त्याच्या जागी जिमी निकोल आठ कार्यक्रम बीटल्सबरोबर वाजवून आला, हजारो पोरी त्याच्या नावानं किंचाळल्या, आणि पुढच्याच वर्षी त्याचं दिवाळं निघालं. टाळ्यांवर घर चालत नाही. हाताला काम असलं पाहिजे, ते तुझ्या हाताला आहे. मग मी भांडलो कशाला? मलाही कळत नाही. तू वाजवावंस असंही वाटतं आणि तुझ्या हाताला पक्कं काम असावं असंही वाटतं, आणि दोन्ही वाटणं एकदम बोलायला गेलो की भांडण होतं.

हे सगळं उपदेशासारखं झालं. मला माफ कर. तू मोठी आहेस आणि तुझं काम तू माझ्यापेक्षा जास्त जाणतेस. कार्यक्रम चालू असताना ड्रमच्या टेक्निशियननं काय करायचं हे तू मागे एकदा सांगितलं होतंस, मी पेपर वाचत असल्यासारखं दाखवलं, पण सगळं ऐकलं होतं. काळे कपडे घालून अंधारात बसायचं. काडी तुटली की ड्रमरनं हात मागे करायच्या आत नवी काडी तिथे. स्नेअरचं हेड फुटलं तर दोन गाण्यांच्या मधे पहिला काढून दुसरा तयार स्नेअर त्याच उंचीला, त्याच कोनाला. पेडलची स्प्रिंग सुटली तर पोटावर सरपटत जाऊन, तो वाजवत असताना, त्याच्या पायाखालून दुरुस्ती. सतरंजीवर प्रत्येक स्टँडच्या पायाची टेपनं खूण, म्हणजे रोज नव्या स्टेजवर सगळं बोटभरही न हलता जिथल्या तिथे. आणि सगळं नीट झालं तर टेक्निशियन तिथे होता हे कोणाला कळतही नाही. हे सांगताना तुझे डोळे कसे झाले होते ते मी पेपरच्या वरून पाहिलं. एकतीस वर्षं मला त्याच गोष्टीचं वाईट वाटत आलं, की नीट चाललं तर कोणाला कळत नाही. आणि तुला त्याचाच आनंद होत होता.

तू पाठवलेला तो पाठमोरा फोटो, ड्रमच्या चौथऱ्यामागे बसलेली, कमरेला चावी लटकवलेली, तो मी सकाळी फिरायला येणाऱ्या सगळ्यांना दाखवलाय. चेहरा दिसत नाही, तरी मी सांगतो, ही माझी मुलगी.

दौऱ्यात एकटं वाटेल. ड्रमर चार्ली वॉट्स रोलिंग स्टोन्सबरोबर फिरताना १९६७ पासून ज्या हॉटेलात उतरायचा तिथल्या पलंगाचं चित्र काढायचा. पन्नासहून जास्त वर्षं. तुला चित्र येत नाही, पण तुझी ती देखभालीची वही पुन्हा सुरू कर. रोज काय बदललं, कोणता रॉड उतरला, हवा दमट होती की कोरडी, ड्रम कसा बोलला. परत आलीस की मला वाचून दाखव.

आता एक गोष्ट जी मी कोणाला सांगितलेली नाही. शब्द मोडून पुन्हा कानांवर येतोय, पण ही तुझ्या नव्हे, माझ्या कानांची आहे.

मी सत्तेचाळीस वर्षांचा असताना कारखान्यात कानांची तपासणी झाली होती. आलेखावर चार हजार हर्ट्‌झपाशी रेघ खड्ड्यात गेल्यासारखी खाली उतरली होती, डाव्या कानाची जास्त. डॉक्टरनं सांगितलं की आत केसांसारख्या पेशी असतात, एका कानात पंधरा हजारांच्या आसपास, आणि माणसाच्या गेल्या की परत उगवत नाहीत. आम्हाला कान झाकायचे मफ मिळायचे, पण ते तपासणीवाले येणार त्या दिवशी कपाटातून निघायचे. मीही कधी मागितले नाहीत. मफ लावून मशीनचा आवाज कळत नाही असं म्हणायचो. फिटरला मशीन ऐकावं लागतं, हे खरंच आहे. म्हणून तर तुझे ते बोळे मला इतके आवडले, सगळ्या आवाजाला सारखं खाली आणतात, काही गिळत नाहीत. तसं आमच्या वेळी नव्हतं.

तेव्हापासून डाव्या कानात किर्र वाजतं. दिवसा कळत नाही. रात्री उशीवर डोकं टेकलं की सुरू. मी रात्री उठून फेऱ्या मारतो ते गुडघ्यामुळे नव्हे, त्या आवाजामुळे. "सात" आणि "हात" मला सारखंच ऐकू येतं, समोरच्याच्या ओठांवरून ओळखतो. म्हणून फोनवर माझं तुझ्याशी धड होत नाही. तू हळू बोलतेस आणि मला वाटतं रागावलीस.

आणि तुमच्या शेवटच्या कार्यक्रमाला मी डाव्या बाजूच्या खुर्चीत बसलो होतो, उजवीकडे जागाच नव्हती. शेवटच्या आधीच्या गाण्यात तू सगळं थांबवून नुसतं राइड झांजेवर आणि हाय-हॅटवर वाजवलंस, बराच वेळ. सभागृह गप्प झालं होतं. शेजारची मुलगी डोळे मिटून बसली होती. मला तुझ्या काड्या हलताना दिसत होत्या. झांजा लवताना दिसत होत्या. ऐकू फार थोडं येत होतं, लांबून कोणी किल्ल्या हलवाव्यात तसं. बाहेर आल्यावर तू विचारलंस, बाबा, ते कसं वाटलं? मी म्हणालो, छान. तू म्हणालीस, नुसतं छान? आणि मला पुढे काही सांगता आलं नाही, कारण मी ते ऐकलंच नव्हतं, चिऊ. त्या रात्री तू गाडीत गप्प होतीस. तुला वाटलं असेल बाबांना आवडलं नाही.

म्हणून मी बोळ्यांच्या मागे लागतो. तुला अजून दहा-वीस-तीस वर्षांनी कोणाचं तरी वाजवणं ऐकायचं असेल.

पार्सलात डबीच्या खाली एक चावी आहे. तुझी लहान मुठीची पाहिली होती, दमट हवेत हात घामेजला की निसटते. हिला आडवा दांडा लांब केलाय आणि त्यावर खाचा पाडल्यात. पिशवीत क्लचचे दोन जादा बुश, पेडलच्या स्प्रिंगा तीन, नमद्याच्या चकत्या बारा. मापं तुझ्या जुन्या सेटची आहेत, त्या ड्रमरच्या सामानाला बसतात का बघ. नाही बसली तर मापं कळव, मित्राच्या वर्कशॉपमध्ये लेथ आहे, तो मला दुपारी वापरू देतो.

पुढच्या आठवड्यात फोन कर, सकाळी अकराच्या आधी. व्हिडिओवर कर म्हणजे मला ओठ दिसतील.

तुझा
बाबा

ता. क. आईनं पूर्ण वाचलं. कानाचं तिला आजच कळलं. ती माझ्याशी बोलत नाहीये, पण पार्सलला दोरी तिनंच बांधली. डबी मिळाली की "मिळाली" एवढं लिही.